आयकॉनांचं बिऱ्हाड

लिनक्स वापरणाऱ्या माणसांना एक खोड असते. सारखं घर बदलायची. खरं घर नाही हो, ते आजकालच्या भावांत कोणाला परवडतंय! मी म्हणतेय डेस्कटॉपबद्दल. विंडोजवाल्याला विंडोज देईल ते गोड मानून घ्यावं लागतं, मॅकवाल्याला तर त्याहून जास्त. लिनक्समध्ये मात्र खालचं यंत्र, खालची फाइल सिस्टम, आपल्या फायली, सगळं आहे तसं ठेवून वरचा देखावा तेवढा बदलता येतो. आज ग्नोम, उद्या केडीई, मशीन म्हातारं झालं की एक्सएफसीई. लॉगिन करताना एका चिमुकल्या यादीतून नाव निवडायचं, की आपण दुसऱ्या घरात.

आणि दर वेळी तेच होतं. सामान पोचतं, मांडणी पोचत नाही.

पॅकर्सवाल्यांनी सगळे खोके एका खोलीत, एकावर एक, आकाराप्रमाणे रचून ठेवावेत ना, तसं दिसतं. उजव्या कोपऱ्यात ठेवलेली चालू कामाची फाइल आता डावीकडच्या रांगेत अकरावी असते. तिच्या वर तीन वर्षांपूर्वीचा कसलासा फॉर्म, खाली फायरफॉक्स. सगळं आहे, काहीही हरवलेलं नाही, आणि तरी काही सापडत नाही. मग आपण एक सुस्कारा टाकून आवरायला बसतो. या आवरण्याबद्दलच मला लिहायचंय. कारण त्याला कोणी काम समजत नाही, आणि माझ्या मते ते चांगलंच काम आहे.

आधी हे का होतं ते बघू. कंटाळवाणं वाटेल, पण मला यात गंमत वाटते.

पडद्यावर जे दिसतं ते खरं तर एक साधं फोल्डर आहे. आपल्या होम फोल्डरमध्ये 'डेस्कटॉप' नावाचं. ग्नोम काय, केडीई काय, सगळे त्याच फोल्डरात डोकावतात. हे सगळ्यांनी एकच फोल्डर मानणं आपोआप झालेलं नाही. २००० साली फ्रीडेस्कटॉप नावाचा एक प्रकल्प सुरू झाला, हॅवॉक पेनिंग्टन या ग्नोमकडच्या माणसानं सुरू केलेला. केडीई १९९६ चं, ग्नोम १९९७ चं, आणि दोघांच्या चुली तोवर पुरत्या वेगळ्या. मग हळूहळू बसून ठरवलं गेलं की निदान काही गोष्टी सामाईक ठेवू. मेनूत प्रोग्रॅमची नोंद कशी करायची, आयकॉनची चित्रं कुठे ठेवायची, कचरापेटीत टाकलेली फाइल कुठे जाते आणि ती मूळ कुठली होती हे कसं लिहून ठेवायचं, फोटोंची छोटी चित्रं कुठे साठवायची. एवढं सगळं ठरलं. डेस्कटॉप फोल्डर कुठलं, हेही एका छोट्या फाइलीत लिहिलेलं असतं, ती सगळे वाचतात.

(भाषा बदलणाऱ्यांसाठी इथे एक छोटी गंमत दडलेली आहे. फ्रेंचमध्ये हे फोल्डर 'ब्यूरो' होतं, स्पॅनिशमध्ये 'एस्क्रितोरिओ'. भाषा बदलून लॉगिन केलं की ग्नोम विचारतं, नावं बदलू का? आणि तिथेच लिहिलेलं असतं की जुन्या फोल्डरातलं सामान हलवलं जाणार नाही. ते न वाचता हो म्हटलं की समोर लख्ख रिकामा पडदा! आयकॉन कुठेही गेलेले नसतात, जुन्या नावाच्या फोल्डरात बसलेले असतात. कोणी घाबरून फोन केला तर आधी एवढं बघायला सांगा.)

पण एक गोष्ट ठरायची राहून गेली. कुठला आयकॉन पडद्यावर कुठे आहे, ही.

ही जागा म्हणजे काय, तर फक्त दोन आकडे. डावीकडून किती, वरून किती. चाळीस आयकॉन असतील तर ऐंशी आकडे. एवढीशी गोष्ट, पण ती प्रत्येक जण आपापल्या वहीत लिहितो. केडीई आपल्या एका लांबलचक सेटिंगच्या फाइलीत लिहितं. एक्सएफसीई स्वतःच्या वेगळ्या फाइलीत, आणि बरीच वर्षं तर पडद्याचं माप त्या फाइलीच्या नावातच असायचं, म्हणजे प्रोजेक्टर जोडून पडद्याचं माप बदललं की वही वेगळी. ग्नोमचा नॉटिलस हा फाइल मॅनेजर फाइलींबद्दलच्या बारीकसारीक नोंदींच्या एका कपाटात लिहायचा. आणि मला सगळ्यात मजेशीर वाटतं ते हे, की ग्नोम २ च्याच कोडमधून पुढे जन्मलेलं जे माते आहे, त्याचा काहा हा फाइल मॅनेजरही त्याच कपाटात लिहितो, फक्त नोंदीवर 'नॉटिलस'च्या जागी 'काहा' असं नाव घालतो. भावाभावांनी वाटण्या झाल्यावर एकाच मांडणीवरच्या भांड्यांवर आपापली नावं कोरून घ्यावीत तसं. पातेलं तेच, मांडणी तीच, पण याचं नाव असलेलं भांडं तो उचलणार नाही.

माते हे नाव बऱ्याच जणांना 'मेट' वाटतं. ते दक्षिण अमेरिकेतल्या येर्बा माते या पेयावरून घेतलंय, २०११ मध्ये हे काम सुरू करणारा गडी अर्जेंटिनाचा. त्यामुळे उच्चार 'माते' असाच. आईच्या लॅपटॉपवर ते टाकून दिलं तेव्हा मी तिला हे सांगितलं, तर म्हणाली, "म्हणजे देवीसारखी हाक मारायची होय मला?" :) आईच्या लॅपटॉपकडे येतेच, थांबा जरा.

या आकड्यांची एक अडचण आहे, ती कबूल करायला हवी. प्रत्येक डेस्कटॉपच्या आयकॉनचा आकार वेगळा, चौकटींचं अंतर वेगळं, कोणाची पट्टी वर, कोणाची खाली. तेव्हा नुसते दोन आकडे उचलून दुसरीकडे टाकले तर अर्धे आयकॉन पट्टीखाली जाऊन बसतील. म्हणून हे ठरलं नाही असं कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. माणसाच्या डोक्यात 'डावीकडून तीनशेवीस ठिपके' असं कुठे असतं? डोक्यात असतं 'उजवा खालचा कोपरा', 'फायरफॉक्सच्या खाली', 'त्या तीन फायलींच्या घोळक्यापासून जरा बाजूला'. हे लिहून ठेवायची पद्धत काढणं अशक्य नाही. ते कोणाला महत्त्वाचं वाटलं नाही, एवढंच. जागा म्हणजे सजावट, अशी एक समजूत आहे.

बरं, मांडणी येत नाही, पण नको ते बरोबर येतं. होम, कचरापेटी, पेन ड्राइव्ह हे आयकॉन काही ठिकाणी खऱ्या फायली नसतातच, डेस्कटॉप ते स्वतः काढून दाखवतो. काही ठिकाणी मात्र कचरापेटी ही डेस्कटॉप फोल्डरात ठेवलेली खरीखुरी छोटी फाइल असते. अशा घरातून तशा घरात गेलं की दोन कचरापेट्या दिसतात. एक जिवंत, एक आधीच्या घराची आठवण. आणि प्रोग्रॅम उघडायचे जे आयकॉन आपण हौसेनं ठेवलेले असतात, ते नव्या घरात गेल्यावर चित्र टाकून देऊन साध्या कागदासारखे दिसू लागतात, 'हे चालू द्यायचं का' असं विचारतात. यावर लोक फार चिडतात. मी चिडत नाही. तो आयकॉन म्हणजे मजकुराची एक फाइल असते, तिच्या एका ओळीत कुठला प्रोग्रॅम चालवायचा ते लिहिलेलं असतं, दुसऱ्या ओळीत चित्र कुठलं दाखवायचं ते. म्हणजे कोणीही चित्र एकाचं आणि काम दुसऱ्याचं अशी फाइल आपल्याला पाठवू शकतो. ऑगस्ट २०१९ मध्ये केडीईत तर असं भोक सापडलं होतं की अशी फाइल उघडायचीही गरज नाही, ती ज्या फोल्डरात आहे ते नुसतं उघडून बघितलं तरी आतली आज्ञा चालू शकायची. ते लगेच बुजवलं गेलं. पण त्यानंतर कोणी मला दारात ओळख विचारली तर मी मुकाट्यानं सांगते.

आता जरा वादाचा मुद्दा. ग्नोमनं ठरवलं की डेस्कटॉपवर काही ठेवायचंच नाही.

एप्रिल २०११ मध्ये ग्नोम ३ आलं तेव्हा पडद्यावर आयकॉन दिसणं आपणहून बंद झालेलं होतं. एक सेटिंग शोधून ते परत आणता यायचे. मार्च २०१८ च्या आवृत्तीत नॉटिलसमधून तो कोडच काढून टाकला. कारणं खरी होती. तो भाग फार जुना झाला होता, त्याला धक्का न लावता बाकीचं काही सुधारता येत नव्हतं, आणि त्याची नीट देखभाल करणारं कोणी उरलं नव्हतं. फुकट काम करणाऱ्यांना 'तुम्ही हेही सांभाळा' म्हणायचा मला काय अधिकार? उबंटूनं त्या वर्षीच्या एप्रिलच्या आवृत्तीत नॉटिलस मुद्दाम जुनाच ठेवला आणि पुढे एका एक्स्टेन्शननं आयकॉन परत आणले. केडीईनंही २००८ मध्ये चौथ्या आवृत्तीच्या वेळी असाच एक प्रयोग केला होता, आयकॉन पडद्यावर मोकळे न ठेवता एका चौकटीत ठेवायचा. २०१७ मध्ये प्लाझ्मा ५.१० पासून पुन्हा पूर्ण पडदाच फोल्डर म्हणून दिसायला लागला. म्हणजे एकानं सोडलं, दुसऱ्यानं सोडून परत घेतलं.

कोड काढला याबद्दल माझं भांडण नाही. त्यासोबत जी शिकवण येते तिच्याबद्दल आहे. डेस्कटॉप ही काही सामान ठेवायची जागा नव्हे, फायली फोल्डरात ठेवाव्यात, प्रोग्रॅम शोधून उघडावेत, पडदा स्वच्छ असावा, वगैरे. माझा एक मित्र या पंथाचा आहे. त्याच्या पडद्यावर एक डोंगर, एक तळं, आणि बस्स. लोकांच्या डेस्कटॉपकडे बघून तो असं तोंड करतो की जणू आपण सिंकमध्ये खरकटी भांडी ठेवून झोपलोय.

मला वाटतं, या मंडळींच्या डोक्यात टेबल नाही, मुनीमजींचं डेस्क आहे. आठवतंय का ते? पेढीवर असायचं, बैठं, उतरत्या झाकणाचं. वर लिहायचं, आत ठेवायचं. झाकण उतरतं असल्यामुळे वर काही राहूच शकत नाही, घरंगळतं. मुनीमजींना ते बरोबर होतं, कारण त्यांचं सगळं काम एकाच वहीत असायचं. पण कॉम्प्युटरवरचा डेस्कटॉप त्या डेस्कवरून आलेलाच नाही. तो झेरॉक्स कंपनीच्या १९८१ च्या 'स्टार' या मशीनवर बाजारात आला, आणि त्यांच्यासमोर होतं कचेरीतलं सपाट टेबल. कागद, फोल्डर, आलेल्या-गेलेल्या टपालाच्या परड्या. सपाट टेबलाचा सगळा उपयोगच हा, की त्यावर गोष्टी राहतात.

आणि त्या का राहतात यावर अभ्यासही झालेला आहे. थॉमस मलोन नावाच्या संशोधकानं १९८३ मध्ये एक निबंध लिहिला, लोक आपली टेबलं कशी लावतात यावर. कचेरीतल्या माणसांशी बोलून त्यानं दोन प्रकार सांगितले. एक फायली, नाव घालून, ठरलेल्या जागी लावलेल्या. दुसरे ढीग, ज्यांना नाव नसतं. आणि त्यानं दाखवलं की टेबलावरचा कागद दोन कामं करतो. एक म्हणजे सापडणं. दुसरं, जे कोणी धरत नाही, ते म्हणजे आठवण करून देणं. समोर पडलेला कागद म्हणत असतो, 'माझं काहीतरी करायचं राहिलंय हं.' तो कपाटात नीट लावला की सापडायला सोपा होतो आणि गप्प होतो.

आता आयकॉनकडे या नजरेनं बघा. शोधायची सोय कितीही चांगली झाली तरी शोधायला आधी आठवावं लागतं. आणि जे आठवत नाही त्यासाठीच तर ती फाइल समोर ठेवली होती!

स्वयंचलित आवराआवरीचं म्हणूनच मला वावडं आहे. विंडोज एक्सपीमध्ये (२००१) एक जादूगार होता, वापरणाऱ्यांना आठवत असेल. दर साठ दिवसांनी तो यायचा आणि म्हणायचा, तुमच्या डेस्कटॉपवर न वापरलेले शॉर्टकट आहेत, आवरू का? हो म्हटलं की ते सगळे 'न वापरलेले' अशा नावाच्या एका फोल्डरात कोंबायचा. मॅकमध्ये २०१८ च्या मोहावीपासून ढीग करायची सोय आहे, फोटो एका ढिगात, पीडीएफ एका ढिगात. दिसतं छान. पण साठ दिवसांत हात लावला नाही म्हणजे ती गोष्ट नको आहे, हे कोणी ठरवलं? आयकर विवरणपत्राला वर्षातून एकदा हात लागतो. गणपतीच्या वर्गणीच्या हिशेबाला एकदा. हयातीच्या दाखल्याला नोव्हेंबरात एकदा, आणि तो वेळेत गेला नाही तर पेन्शन अडते. आणि फोटो फोटोंबरोबर, पीडीएफ पीडीएफबरोबर हे तर म्हणजे घर आवरताना सगळ्या निळ्या वस्तू एका कपाटात ठेवण्यासारखं आहे. विम्याची पावती, तिच्याबरोबरचा गाडीचा फोटो आणि त्या माणसाचा नंबर लिहिलेली टिपणाची फाइल, ही तिन्ही तीन जातींची असली तरी एका कामाची असतात. म्हणून तर माणूस त्यांना शेजारी शेजारी ठेवतो.

आता आईचं.

आई साताऱ्याला असते, निवृत्त शिक्षिका आहे. लॅपटॉपवर ती भजनी मंडळाची पदं टाइप करते, भिशीचा हिशेब ठेवते, बँकेचं थोडंफार बघते, नातवाशी बोलते. लॅपटॉप जुना, त्यावर जो डेस्कटॉप होता तो त्याला झेपेनासा झाला होता, उघडायलाच चहा होऊन जायचा. म्हणून माते टाकायचं ठरलं. तिच्या पडद्यावर एकतीस आयकॉन होते. मी आधी पडद्याचा फोटो काढून घेतला आणि कागदावर छापून आणला, कारण मला माहीत होतं की एकतीसच्या एकतीस डावीकडे रांगेत येऊन उभे राहणार. तसेच राहिले.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, नावं आहेत ना खाली, वाचावीत. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तिला बारीक अक्षर वाचायला चष्मा पुढेमागे करावा लागतो. ती नावं वाचतच नाही. तिचा हात जातो. आम्ही फोनवर बोलतो तेव्हा मी "फायरफॉक्स उघड" असं कधी म्हणतच नाही, "वरून दुसरं" म्हणते. ती "बँकेच्या खालचं?" म्हणते. या एवढ्या भाषेवर आमचं चालतं, आणि म्हणून ती शेजारच्या मुलाला न बोलावता स्वतःच्या बँकेचं स्वतः बघू शकते. ज्याच्यात पासवर्ड, शिल्लक, सगळं आहे ते दुसऱ्या कोणाला दाखवावं लागत नाही. मांडणी मोडली की हे मोडतं. म्हणून जागा म्हणजे सजावट असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं.

तर आम्ही बसलो. मी खुर्चीवर, आई कॉटवर, हातात छापलेला कागद. ती सांगणार, मी उचलून ठेवणार. सुरुवातीला वाटलं, पंधरा मिनिटांचं काम. दुपार गेली. कारण प्रत्येक आयकॉनला काहीतरी म्हणायचं होतं. डावीकडचे रोजचे. ते पटापट झाले. वरच्या उजव्या बाजूला सहा होते, ते 'करायचेत' म्हणून. त्यातले दोन केव्हाच करून झाले होते, ते तिनं काढायला सांगितले. एक पद होतं, अर्धं टाइप केलेलं. ज्यांनी सांगितलं होतं त्या बाई आता मंडळात येत नाहीत, त्यावर ती थोडा वेळ थांबली, मग म्हणाली, "राहू दे, पुरं करून टाकीन." खालच्या बाजूला संपलेल्या गोष्टी. तिथे मी विचारलं, हे सगळं एका फोल्डरात टाकू का? "टाक की. ते काय, माळ्यावरच गेलेलं आहे." म्हणजे माळा तिच्या डोक्यात आधीच होता, मी फक्त त्याला फोल्डर केलं.

आणि एक फाइल होती घड्याळाखाली, सगळ्यांपासून वेगळी, एकटी. नाव 'नोंद २'. मला वाटलं, चुकून तिकडे गेली असणार. भिशीच्या फोल्डरापाशी न्यायला लागले, तर म्हणाली, "अगं ती नको तिकडे. ती तिथेच ठेव." उघडून बघितली नाही, पण तिनंच सांगितलं. भिशीतल्या एका बाईचे चार हप्ते थकलेत. नवरा आजारी आहे. आई तिच्या नावचे हप्ते सध्या स्वतः भरते आणि त्याची टीप तिथे ठेवते. बाकीच्या बायका हिशेब बघायला आल्या की भिशीचं फोल्डर उघडलं जातं, सगळ्या पडद्याला नाकं लावून बघतात. तिथे ही फाइल दिसायला नको. पण विसरायलाही नको, म्हणून घड्याळाखाली. वेळ बघताना डोळ्यांना दिसते. म्हणून नावही असं, काही न सांगणारं.

कुठला जादूगार हे आवरून देणार, सांगा बरं.

असो. मी आता स्वतःच्या आणि लोकांच्या मशीनवर हे वरचेवर करते, तर माझी पद्धत सांगते, कोणाला उपयोगी पडली तर. जायच्या आधी पडद्याचा फोटो, तोही फोनवर, कारण त्याच मशीनवर ठेवलेला फोटो बघायला तीच खिडकी लागते. नवीन डेस्कटॉप नुसता चाखून बघायचा असेल तर वेगळं युजर खातं काढून त्यात बघायचा, म्हणजे आपल्या घरात कोणाच्या सेटिंगचा पाय लागत नाही. गेल्यावर पहिल्यांदा 'आयकॉन आपोआप रांगेत लाव' असं काही चालू आहे का ते बघून बंद करायचं, नाहीतर आपण ठेवतोय आणि ते परत ओढतंय असा तमाशा होतो. मग दुसरी कचरापेटी, दुसरं होम वगैरे आधीच्या घराचे अवशेष काढायचे. काढायच्या आधी त्यांच्यावर उजवी टिचकी मारून ते खरंच दोनचार ओळींची छोटी फाइल आहेत ना, ते बघायचं, कारण एखादं खरं फोल्डर कचरापेटीचं चित्र लावून बसलेलं मी पाहिलंय. प्रोग्रॅमांचे आयकॉन शक्यतो नव्यानं मेनूतून ओढून घ्यायचे, जुने ओळख विचारत बसतात.

आणि 'जुना डेस्कटॉप' नावाचं फोल्डर करून त्यात सगळं ढकलायचा मोह टाळायचा. हा मोह प्रत्येकाला होतो. पडदा एका क्षणात स्वच्छ, आणि नंतर बघू म्हणायची सोय. मी एका ओळखीच्यांच्या मशीनवर 'जुना डेस्कटॉप' उघडलं, त्यात 'जुना डेस्कटॉप' होतं, त्यात 'डेस्कटॉप जुना मधला', आणि त्याच्या आत 'डेस्कटॉप'. डब्यात डबी, डबीत डबी. सगळ्यात आतल्या डबीत त्यांच्या मुलीच्या बारशाचे फोटो होते. ते गेलेत असं धरून दोघा नवरा-बायकोंनी एकमेकांना बरंच बोलूनही झालं होतं.

त्यापेक्षा पसारा आठ-दहा दिवस तसाच पडद्यावर राहू द्यावा. रोज काम करताना ज्याला हात लागेल ते उचलून त्याच्या जागी ठेवावं. उरलेल्यांशी एकदा निवांत बसून बोलावं, एकेकाशी. आणि कचरापेटी त्या दिवशी रिकामी करू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी करावी, चहा झाल्यावर.